कोरड्या दिवशी कोसळलेली दरड

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि ती पायरी मला दाखवली मंद्रूपच्या शाळेतल्या माझ्या मास्तरांनी. वडिलांपाशी हट्ट धरून त्यांनी मला पुण्याला धाडले, आणि भूगर्भशास्त्र घे असेही त्यांनीच सांगितले. फौजदार झाल्यावर या विषयाचा काय उपयोग, असे मला वाटे. होटगीजवळच्या दरडीचा तपास झाला तेव्हा ते कळले. तो तपास मी अजून विसरलेलो नाही.

एकोणीसशे तीसनंतरची पहिली वर्षे होती. शहरातली चळवळीची धामधूम नुकती शमली होती, त्यामुळे रुळावर साधा धोंडा दिसला तरी वरिष्ठांना घातपाताचा वास येई. घटस्थापना जवळ आली होती, पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते. अशा लखलखीत उन्हात, रेल्वेने टेकाड फोडून काढलेल्या कटिंगची एक बाजू रुळांवर आली. गँगमनने लाल झेंडी धरून गाडी थांबवली, म्हणून माणसे वाचली.

लगेच खबर आली. खबर देणारा रेल्वेला खडी पुरवणाऱ्या ठेकेदाराचा चौकीदार होता. ठेकेदाराच्या टोळीतल्या एका दगडफोड्या वडाराचे मुकादमाशी भांडण होऊन त्याचे काम सुटले होते, त्याला सुरुंग ठासता येतो आणि त्या दिवशी तो कटिंगजवळ दिसला, असे त्याने सांगितले. आम्ही वडाराला धरून आणले. झडतीत सुरुंगाची दारू मिळाली नाही. पहार आणि छिन्न्या मिळाल्या, पण त्या प्रत्येक दगडफोड्याच्या घरी असतातच.

तिथे का गेला होतास, एवढे विचारले की तो मान खाली घाली. खोटे बोलणारा माणूस सहसा फार बोलतो, हा माझा अनुभव. हा गप्प राही आणि सारखा ठाण्याच्या दाराकडे पाही. खटला लवकर पाठवा असा वरून हुकूम होता. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याचे उरलेले आयुष्य तुरुंगात गेले असते.

मी पंच घेऊन पुन्हा जागेवर गेलो. हवालदार मागे पंचांना सांगत होता, "सायेब कालिजात शिकल्यात. आता दगडाचा जबाब घेत्याली."

सुरुंगाने दगड फुटून लांब उडतो, खडकावर काजळी धरते. इथे तसे काहीच नव्हते. खाली आलेल्या ढिगावर एक बाभळ उभीच्या उभी होती. जमीन तिला घेऊनच घसरली होती. कटिंगच्या दोन्ही बाजूंना वर उभ्या भेगांचा काळा खडक, खाली ठिसूळ दगड आणि दोहोंच्या मध्ये तांबड्या मातीची पट्टी. आपला हा सगळा मुलूख लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झाला, हे शिकलो होतो. पण पडलेल्या बाजूची पट्टी ओली, आणि समोरची ठणठणीत कोरडी. पाऊस एक, खडक एक, मग हा फरक कशाने?

दोरी समपातळीत ताणून पाहिली. थर दिसायला सपाट, पण किंचित कललेले होते. पडलेल्या बाजूचा उतार रुळांकडे होता, समोरचा रुळांपासून दूर. भेगांतून उतरलेले पाणी तांबड्या मातीवर अडे आणि उताराने इकडेच येई. आभाळ कोरडे झाले तरी आतले झिरपणे चालूच होते.

पण इतकी वर्षे टिकलेली बाजू याच वर्षी का यावी? ढिगाच्या टोकाला थोडा खडक अजून उभा होता. त्याखालच्या तांबड्या पट्टीत कोपरापर्यंत हात जाईल अशा खोबणी होत्या, खुरप्याने कोरलेल्या. तेव्हा मला झडतीत पाहिलेल्या वडाराच्या घरच्या भिंती आठवल्या. त्या ताज्या सारवलेल्या होत्या, आणि रंग हाच.

ठाण्यात येऊन मी त्याला विचारले, "नवरात्राच्या सारवणाची माती तिथूनच नेता ना?"

त्याने एकदा दाराकडे पाहिले. मग म्हणाला, "घालायचं तर मला घाला की आत. बायांना ठाण्यात आणू नगा सायेब. समद्या वस्तीच्या बाया तितनंच माती नेत्यात. मी निस्तं गाढव घिऊन गेलतो."

"समोरच्या बाजूची का नेत नाही?"

"ती लई घट्ट हाय. हिकडली लोण्यावानी निघती."

सगळे जुळले. वर्षानुवर्षे खडकाच्या पायातली माती निघत गेली होती, आणि यंदा ओल्या थरावरून वरचा खडक सरकला.

रेल्वेच्या इंजिनियरसाहेबांना हे पटेना. मी दोन फरश्यांमध्ये ती माती घालून त्या जराशा कलत्या ठेवल्या. माती कोरडी होती तोवर वरची फरशी जागची हलली नाही. तांब्याभर पाणी ओतून थोडे थांबलो, तर ती सरकत साहेबांच्या बुटावर आली. पाय चोळत त्यांनी अहवालावर सही केली. माती नेऊ नये अशी मनाई तिथे कधीच नव्हती, त्यामुळे बायांवर गुन्हा झाला नाही. वडार सुटला. त्याच आठवड्यात मी मास्तरांना लिहिले:

"गुरुवर्य मास्तरांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही घ्यायला लावलेल्या विषयामुळे एक निरपराध माणूस आज आपल्या घरी आहे. ती तांबडी माती म्हणजे फार जुन्या काळची उघडी जमीन असावी. तिने ऊनपाऊस पाहिला, मग वरून तापलेला रस वाहत आला आणि ती भाजून खाली गाडली गेली. त्याच जमिनीने इथल्या बाया भिंती सारवतात, याचे मला राहून राहून नवल वाटते. माणसाला बेडी घालण्याआधी त्या जागेचा उतार पाहावा, एवढे मी यातून शिकलो.

रेल्वेने आता तिथे कुंपण घातले आहे. काल त्या माणसाची बायको आपणहून ठाण्यात आली आणि म्हणाली, 'औंदाचं झालं सायेब, पर फुडल्या सालाला माती कुटनं आणायची?' जिथे वर खडक नाही आणि खाली रूळ नाहीत, अशा जागी हा थर उघडा पडलेला कुठे तरी असेलच. येत्या रविवारी कुंभारी गावच्या ओढ्याने शोधत जाणार आहे. प्रकृती बरी असेल तर तुम्हीही चलावे. मी घ्यायला येतो.

आपला विद्यार्थी"