सरदाराचं धाकटं पोर आणि आमची अन्वी

नात गावी घेऊन जायला बोलावताय, तर ते विमानात बसवायच्या आधी सांगायचं असतं. मला सांगितलं, "आई, जपान बघायला ये." असो. नमस्कार.

लेकाकडे जपानला निघालेल्या बायांनो, मेतकूट आणि चटणी न्या, मी कराडहून नेली ती फार कामाला आली. सून रूपालीचं घर तोक्योत, ओजिमाला, सरकारी इमारतीत. आजूबाजूला आपली माणसं, डाळ-तांदूळ मिळतात. कचरा मात्र ठरल्या वारीच टाकायचा, चुकला की पिशवी तिथेच पडून राहते. रूपाली तोयोसूच्या ऑफिसातून अंधार पडल्यावर येते. सहा वर्षांची अन्वी तोवर एकटी टीव्हीपुढे.

लेक विनय नागोयाला, विद्यापीठात. तिघी बुलेट ट्रेनने गेलो. तिकीट महाग, जागा राखून न घेता बसलात तर जरा कमी. दुकानातले भाताचे त्रिकोणी गोळे चांगले, पण आत मासा आहे का ते आधी विचारा.

विनय हजारेक वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच सरदाराचा अभ्यास करतो. जपानात बसून! जेवताना सांगायला लागला, "थोरल्याला जमीन दिली, मुलगी मोठ्या घरात दिली आणि धाकट्याला लहानपणीच मठाला वाहिलं. पोराचा हात देवापुढच्या कापडात गुंडाळायचा, की ते मठाचं झालं."

"रडलं असेल."

"शिक्षण चांगलं मिळायचं गं तिथे."

"बाप भेटायला गेला कधी?"

"तशी नोंद नाही." पाणी प्यायला आणि म्हणाला, "अन्वीला तुझ्याकडे ठेवावं म्हणतोय. दोनच वर्षं."

रूपालीने मान वर केली नाही. "आई, तुमच्याशिवाय कुणाच्या जिवावर ठेवू?"

"तिला विचारलंत?"

अन्वी जपानीत काहीतरी बोलली. कुणी सांगेना. शेवटी रूपालीच म्हणाली, "नको म्हणतेय."

एकटी टीव्हीपुढे बसण्यापेक्षा बरी, म्हणून मी आणली. विमानतळावर पोरगी बापाला सोडेना. विनयने तिची बोटं सोडवली, हात माझ्या पदरात गुंडाळला आणि म्हणाला, "गर्दीत सुटायला नको." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला काही आठवलं नाही.

जपान स्वच्छ आहे, माणसं हळू बोलतात, जरूर जा. अन्वी आता भाकरी खाते. संध्याकाळी पायरीवर बसते आणि विचारते, तेही मराठीत, "आज्जी, बाबा कधी येणार?"

विनय, तू हे वाचणार. तुझा सरदार मेला, तू जिवंत आहेस. फोन रूपालीवर ढकलायचा नाही. पोरीला उत्तर तू द्यायचंस, तारखेसकट.