मोटारवाले अण्णा

चहाचा कप समोर आला की मोटारवाले अण्णा डोळे मिटून घ्यायचे. शेताच्या बांधावर असोत की कुणाच्या ओसरीवर, ओठांतल्या ओठांत पुटपुटत बसायचे, आणि डोळे उघडेपर्यंत चहावर साय धरलेली असायची. माझे वडील, सगळ्या गावाचे तात्या, त्यांची चेष्टा करायचे. "अण्णा, च्या गार झाल्याबिगर तुमचा देव सोडत न्हाई व्हय तुमाला?" अण्णा बोटानं साय बाजूला सारून म्हणायचे, "देवाला घाई नाही तात्या. आणि मला गारच आवडतो."

अण्णा मूळचे नगरकडचे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायची, हा त्यांचा धंदा. तरुणपणीच आमच्या विंझरला आले, रस्त्याकडेला एक खोली भाड्यानं घेतली आणि इथलेच झाले. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकट्याचंच. रविवारी पांढरा सदरा घालून पहिल्या एसटीनं पुण्याला प्रार्थनेला जायचे. दिवाळीत आमच्याकडे जेवायचे आणि नाताळात स्वतः तळलेल्या, हमखास फुटलेल्या करंज्या घरोघर वाटायचे. धर्माबद्दल आपणहून कधी बोलत नसत. शाळेत असताना मीच एकदा विचारलं, ख्रिस्ती माणूस म्हणजे नक्की काय करतो? तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "येशूनं सांगितलंय ते करून बघतो. मी बघतोय. अजून नीट जमलेलं नाही."

त्यांचं हे करून बघणं कधी कधी अंगलट यायचं. गावातल्या एका दारुड्यानं त्यांच्या खोलीतून तांब्याची तार चोरली. चोर सापडल्यावर लोक त्याला मारायला उठले, तर अण्णांनी त्याला आत नेऊन जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून हाताखाली घेतलं. माणूस सुधारतोय असं वाटत होतं, तोच तो आणखी तार घेऊन पसार झाला. गाव हसलं. तो परत आला तर काय करणार, असं तात्यांनी विचारल्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, "पुढचं शिकवीन. काम अर्धंच शिकून गेलाय."

तात्यांचा आणि अण्णांचा जीव एकमेकांत गुंतलेला होता. ती मैत्री एका विहिरीनं मोडली. आमची विहीर तात्यांनी आणि माझ्या धाकट्या चुलत्यांनी मिळून खणली होती. पुढे भावाभावांत बिनसलं आणि तात्या म्हणू लागले की विहीर माझी एकट्याची. गावातली जाणती माणसं देवळात बसून निवाडा करणार होती. खोदाई अण्णांच्या डोळ्यांदेखत झालेली, विहिरीवर पहिली मोटारही त्यांनीच बसवलेली, तेव्हा त्यांचा शब्द सगळे मानणार, हे तात्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी ते अण्णांच्या खोलीवर गेले. चुलत्यांचा त्या कामाशी काही संबंध नव्हता, एवढंच सांगा म्हणाले. अण्णांनी हातातलं काम थांबवलं. मग म्हणाले, "तात्या, तुमच्यासाठी काहीही करीन. एवढं सोडून."

दुसऱ्या दिवशी देवळात त्यांनी खरं ते सांगितलं. घाव दोघांनी घातले, पाणी दोघांचं. निवाडा चुलत्यांच्या बाजूनं झाला, पण तात्यांनी तो मानला नाही. उलट अण्णांना कुणी काम देऊ नये म्हणून घरोघर सांगत फिरले. खोलीच्या मालकाचे कान भरून खोलीही सोडायला लावली. अण्णांनी भांडण केलं नाही. सामान एका टेम्पोत भरलं आणि हायवेवरच्या कापूरहोळला गॅरेजांच्या रांगेत एक पत्र्याची शेड घेऊन राहिले. जाताना आमच्या दारासमोर टेम्पो थांबवून त्यांनी हात जोडले. तात्या ओसरीवरून उठून आत गेले.

काही वर्षांनी तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी लग्न होऊन भोरला, भाऊ पुण्यात नोकरीला. आईच्यानं त्यांना कुशीवर वळवणंही होईना. मी माहेरी आले होते तेव्हाची गोष्ट. सकाळी दारात अण्णा उभे. आई काही बोलायच्या आत त्यांनी चपला काढल्या आणि थोडं गरम पाणी द्या म्हणाले. तात्यांना अंघोळ घातली, दाढी केली, धोतर बदललं. तात्यांनी तोंड भिंतीकडे फिरवून घेतलं होतं. अण्णा त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत राहिले.

मग ते येतच राहिले. एक दिवसाआड नसरापूरला येऊन वेल्ह्याची एसटी पकडायची आणि विंझरला उतरायचं. एकदा आईला राहवलं नाही. तिनं विचारलं, "अण्णा, एवढं झालं, तुमाला राग कसा येत न्हाई?"

"येतो की, वहिनी," अण्णा म्हणाले. "एसटीत बसलो की सगळं आठवतं. मग विंझर येईस्तोवर प्रार्थना करतो."

"आन् तवर न्हाई गेला तर?"

"तर उतरत नाही. तसाच पुढे वेल्ह्याला जातो आणि परतीच्या गाडीनं येतो."

आईला आधी हसू आलं, मग तिनं पदर डोळ्यांना लावला. कधी कधी अण्णांना यायला उशीर का होतो, ते तिला तेव्हा कळलं.

हळूहळू तात्यांनी भिंतीकडे वळणं सोडलं. जिभेला थोडे शब्द फुटू लागले. एके दिवशी दाढी चालली असताना त्यांनी डाव्या हातानं अण्णांचं मनगट धरलं आणि मोठ्या कष्टानं म्हणाले, "इहीर दोगांची." अण्णांनी वस्तरा खाली ठेवला. म्हणाले, "हे मला नाही, धाकट्याला सांगायचं." आणि स्वतः जाऊन चुलत्यांना घेऊन आले. तात्यांनी तेच शब्द पुन्हा उच्चारले. चुलते पायाशी बसून लहान मुलासारखे रडले. तात्या त्यानंतर फार जगले नाहीत, पण दोन्ही घरांची चूल त्या काळात एकच झाली होती.

तात्या गेल्यावर चुलत्यांनी अण्णांना विंझरला परत आणलं, आपल्या घराशेजारी खोली बांधून दिली. गेल्या वर्षी तिथंच, साध्या तापाचं निमित्त होऊन अण्णा गेले. पुण्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना न्यायचं ठरलं. दोन टेम्पो भरून गाव निघालं. बायका अशा वेळी घरीच थांबतात. तात्यांच्या वेळी आईही उंबऱ्याशीच थांबली होती. या वेळी ती कुणाला न विचारता टेम्पोत चढून बसली.

पेटी खाली सोडल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, मातीची पहिली मूठ घरच्यांनी द्यायची असते, यांच्या घरचं कोण आलंय? नगरचं कुणी उरलेलंच नव्हतं. चुलते म्हणाले, "समदी घरचीच हायती, साहेब." तोवर आई पुढे झाली होती. तिनं वाकून मूठभर माती घेतली, त्यातले खडे निवडून काढले आणि नुसती मऊ माती अण्णांवर सोडली.