चेअरमनसाबांचा डावा पाय

महारुद्र भूमजवळच्या आपल्या गावात दूध सोसायटीचा चेअरमन झाला, तेव्हापासून त्याची बायको तुळजाबाई त्याला मनातल्या मनात हसत आली होती. दुष्काळात जनावरं छावणीला गेलेली, चहापुरतं दूध मिळेना, अन् हा गडी इस्त्रीचं धोतर नेसून सोसायटीच्या खुर्चीत बसायचा. हाताला काम नाही, तोंडात बिडी. एक विझायच्या आत दुसरी पेटायची.

चौऱ्याऐंशी साली त्याची डावी पोटरी दुखायला लागली. देवळापर्यंत चाललं की गोळा यायचा, थांबलं की सुटायचा. "जनतेसाठी हिंडून हिंडून पाय गेला," असं तो लोकांना सांगे. हिंडणं कसलं, घर ते खुर्ची! तुळजाबाईला ऐकून थुंकावंसं वाटे. पुढं अंगठा काळा पडला, कण्हणं थांबेना, तेव्हा तिनंच त्याला एसटीत घालून सोलापूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी कमरेतून औषध सोडून पायाचे एक्स-रे काढले. औषध रक्ताबरोबर जिथवर जाईल तिथवर शीर फोटोत उमटते, असं सांगून त्यांनी फिल्म उजेडापुढं धरली. मांडीतली शीर मधेच तुटली होती, गुडघ्यामागं जराशी उमटली होती. त्याखाली केसासारख्या दोन-चार रेघा, अन् पुढं सगळं कोरं.

"वरची शीर जोडता येईल," डॉक्टर म्हणाले, "पण खाली रक्त घेणारी एकही शीर धड नाही. जोड टिकणार नाही. आत्ता पाय पोटरीत कापला तर गुडघा वाचेल, नकली पायावर चालाल. आणि बिडी बंद."

महारुद्र उखडला. "फोटू बघून भविष्य सांगता? म्या गावाला पाझर तलाव मंजूर करून आणला, तुमाला एक शीर जोडता येईना?"

"त्या तलावात पाणी कुठं हाय?" तुळजाबाई म्हणाली. "अवं, ऐका त्यांचं."

"बाईच्या अकलेनं चेअरमन चालत न्हाय!"

त्यानं पुढाऱ्यांना फोन लावले अन् लांबच्या मोठ्या शहरात जोड बसवायला तयार असलेला सर्जन मिळवला. जोड बसला. पाऊल गरम झालं. गावातून जीप भरून माणसं हार घेऊन आली. महारुद्रानं उशीखालून बिडी काढली. "बघा, फोटू खोटा पडला!" सगळे माना डोलावत हसले. तुळजाबाई रोज त्याच्या पावलावर हात ठेवून बघायची. कीव येत नव्हती, किळस येत होती. तरी हात मागं घेववत नव्हता.

पंधरवडा सरायच्या आत पाऊल गार पडलं, काळेपणा वर चढला. आता गुडघाही वाचण्यासारखा नव्हता. पाय मांडीतून कापावा लागला.

"त्या सोलापूरच्या डॉक्टरची नजर लागली," महारुद्र म्हणाला.

"नजर न्हाय, त्याला दिसत हुतं," ती म्हणाली. "तुमाला बी दावलं हुतं."

गावानं दया येऊन त्याला पुन्हा बिनविरोध चेअरमन केलं. मग तर काय, खाटेवरून हुकूम सुटू लागले. एका सकाळी त्यानं बिडीचं बंडल मागितलं. तिनं कुबड्या खाटेला टेकवल्या. "दुकान एसटी थांब्यापाशी हाय. जावा."

दिवसभर त्यानं शिव्या दिल्या. ऊन उतरल्यावर कुबड्या काखेत घेऊन उठला, उंबऱ्यात आपटला, परत उठला. घरासाठी नाही, सोसायटीसाठी तर नाहीच. बिडीसाठी चेअरमनसाब चालायला शिकले. तुळजाबाई दारात उभी राहून बघत होती. पडला तर उचलायला आपणच जाणार, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.