दोन बोटं माया

तिला लहानपणापासून सगळे वकीलबाई म्हणत, कारण भांडणात ती कुणाला ऐकत नसे. एकतिसाव्या वर्षी तिनं कायद्याच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली, तेव्हा हसणाऱ्यांची बोलती बंद झाली. निकाल लागला तेव्हा तिची स्वतःचीच बंद झाली.

कोर्टासमोरच्या गल्लीत बापलेकीचं शिवणकामाचं दुकान होतं. वकिलांचे काळे कोट शिवण्यात बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते कापड बेतायचे, ती मशीनवर बसायची. बाबांच्या कोटाची ख्याती होती ती मायेसाठी. शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं जादा कापड, तिला माया म्हणतात. "वकिली चालली की आधी पोट सुटतं," असं म्हणून बाबा दोन बोटं माया ठेवत. दहा-दहा वर्षांनी माणसं तोच कोट घेऊन येत आणि उसवून सैल करून नेत.

गावातल्या कॉलेजची जागा तिची चार गुणांनी हुकली. मिळाली ती दोन तासांवरच्या शहरात. सकाळी सहाची बस, घरी यायला संध्याकाळ, आणि होकार उद्या पाचच्या आत कळवायचा. नाहीतर आणखी वर्षभर घोकंपट्टी करून पुन्हा परीक्षेला बसायचं. चार गुण वाढले तर कॉलेज रस्त्यापलीकडे, आणि दुकानही सुटणार नाही.

पंचाईत अशी की वकीलबाई दोन्ही पक्षांकडून उभी राही आणि दोन्ही खटले जिंके. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? बरोबर. पण बाबांना गेल्या वर्षापासून सुईचं नेढं दिसत नव्हतं. काजांसाठी ती रोज सकाळी वीस सुया ओवून उशीत खोचून ठेवायची. बाबांना टाकून जायचं? तेही चूक. चार गुण म्हणजे काय मोठे? पण यंदा परीक्षेला बसतानाही असंच वाटलं होतं.

दुपारी एक म्हातारे वकील कोट घालून बघायला आले. उजवा हात बाहीत शिरेना.

"वकीलबाई," ते शांतपणे म्हणाले, "माझे दोन्ही हात डावे केलेत तुम्ही."

ती ओशाळली. बाही उसवता उसवता तिनं सगळं सांगितलं आणि विचारलं, "काका, तुम्हीच सांगा, काय करू?"

"मी तीनदा बसलो परीक्षेला. तिसऱ्यांदा पहिल्यापेक्षा कमी गुण पडले."

"म्हणजे पुन्हा बसू नको?"

"तसं नाही. माझा धाकटा भाऊ दुसऱ्यांदा बसला आणि न्यायाधीश झाला."

ते निघून गेले. होतं नव्हतं तेवढं डोकंही घेऊन गेले. ती बाबांकडे वळली. बाबा म्हणाले, "तू म्हणशील तसं."

"मी काय म्हणते तेच मला कळत नाहीये, बाबा." तिला त्यांचा रागच आला. नको म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं.

बाबांनी गळ्यातली टेप काढली. "उभी राहा. कॉलेज कुठलंही असो, कोट लागणारच." त्यांनी तिचं माप घेतलं, काळं कापड टेबलावर पसरलं आणि त्यावर झुकून खडू चालवू लागले. "तुझ्या कोटाला चार बोटं माया ठेवतो. यंदा घाल, पुढच्या वर्षी घाल, पाच वर्षांनी घाल. केव्हाही बसेल."

ती बघत राहिली. या कोटात सगळ्या दिरंगाईला जागा होती. ती जन्मभर या दुकानात राहिली असती आणि कोट तिला बसतच राहिला असता.

"बाबा, माया कमी ठेवा," ती म्हणाली, आणि स्वतःचेच शब्द ऐकून दचकली. मग हळूच म्हणाली, "यंदाच घालायचाय."

खडू थांबला. बाबांनी वर पाहिलं नाही.

"सुया कोण ओवणार?"

"रात्रीच ओवून ठेवीन. चाळीस."

बाबांनी अंगठ्यानं रेघ पुसली आणि आत सरकवून नवी मारली.

"दोन बोटं तरी राहू दे," ते म्हणाले. "त्याहून कमी मला येत नाही."