संगमेश्वर सरांची मॅच

पाटोद्याजवळच्या आमच्या लहानशा कॉलेजात अमेरिकन फुटबॉल आला तो प्राचार्यांच्या डोक्यातून. कबड्डीचे संघ गावोगाव. त्यात आपल्या पोरांना प्रमाणपत्र कुठून मिळणार? "कुणीच खेळत नाही असा खेळ काढा," त्यांनी संगमेश्वर सरांना सांगितलं. सर तेव्हा नुकतेच आमच्याकडे क्रीडाशिक्षक म्हणून बदलून आले होते. त्यांनी खेळ काढला. तो त्यांना इतका आवडेल, हे प्राचार्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

परदेशातले सामने मोबाईलवर बघून सर शिकले. इंग्रजी बोलणं डोक्यावरून जाई, म्हणून आवाज बंद करून बघत. सकाळी मैदानावर फक्कीच्या आडव्या रेषा मारत. वाऱ्याने उडाल्या की पुन्हा मारत. लांबुळका चेंडू बघून बाजाराला निघालेली माणसं कुंपणाशी थांबायची.

"काय सर, पपई पिकली का?"

"पिकंल, पिकंल. दम धरा."

खांद्यावर बांधायची कवचं विकत घेणं शक्य नव्हतं. सरांच्या बायकोने, रुद्राणीकाकूंनी, मोडीत निघालेल्या गाड्यांच्या सीटचा स्पंज आणि रेक्झिन आणवून ती घरीच शिवली. सराव चाले तो लिंबाला टांगलेल्या भुश्शाच्या पोत्यावर. पोरं धावत येऊन त्याला धडकत आणि सर ओरडत, "आजून जोरात!" मग सगळ्यांना खाली बसवून तेच ते सांगत. "चेंडू घेऊन पळणारा कुणालाबी दिसतो. पण त्याच्या म्होरं छाती लावून जे वाट करतात ना, त्यांच्या हाताला चेंडू कधी लागतबी न्हाई. खेळ त्यांचा हाय."

सामना मात्र कधी झाला नाही. पहिली काही वर्षं स्पर्धेला समोरचा संघच येत नसे आणि आमची पोरं न खेळता जिंकत. पुढे शेजारच्या तालुक्यातला एक संघ यायला लागला. त्यांचे प्रशिक्षक अजिनाथ. त्यांनी एक रीत पाडली. एक साल तुम्ही जिंका, एक साल आम्ही. दोन्ही संघांचा फोटो, मग मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवण. पोरांना प्रमाणपत्रं मिळाली, त्यावर काहीजण पोलिसात लागले. गावात सरांचं नाव झालं. सर दर वर्षी घरून निघताना "औंदा खेळू" म्हणत आणि दर वर्षी जेवून परत येत.

निवृत्तीच्या वर्षी मात्र त्यांनी आधीच फोन करून अजिनाथांकडून शब्द घेतला. एक खरी मॅच. मांजरसुंब्याच्या अलीकडे एक मोकळं रान ठरलं. थंडीचे दिवस होते. दोन्ही संघ पोहोचले तेव्हा सरांच्या रेषा मारून झाल्या होत्या आणि त्यांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत पांढरी झाली होती.

"सर, कावून पोरांची हाडं मोडून घेता?" अजिनाथ हसत म्हणाले. "औंदा तुमीच जिंका. जाता जाता भेट समजा."

"फोनवर हो म्हणला होता तुमी."

"म्हणलो. तुमचा मान ठेवला. पण पोरांना तर इचारा."

सर आपल्या कप्तानाकडे वळले. "सटवा, तू बोल."

सटवा खाली बघत म्हणाला, "सर, म्हैन्याभरात पोलीस भरतीचं ग्राउंड हाय. गोळा फेकायचाय. खांदा निखळला तर?"

"कवच हाय की. काकूनं शिवलेलं."

"कवच लई भारी हाय सर," मागून कुणीतरी म्हणालं, "पण त्याच्या आत आमीच हाव."

सगळे हसले. सरही हसले. मग म्हणाले, "एकच डाव. फकस्त एक. मंग फोटो काढू."

त्याला कुणी नाही म्हणालं नाही. पोरांनी कवचं बांधली. दोन रांगा समोरासमोर वाकून उभ्या राहिल्या, अगदी शिकवलं होतं तशा. सरांनी शिट्टी वाजवली.

रांगा उठल्या, एकमेकींपर्यंत गेल्या आणि पंगतीत वाढप्याला वाट द्यावी तशा बाजूला झाल्या. कुणी कुणाच्या खांद्यावर अलगद हात ठेवला. मधून झालेल्या वाटेने सटवा चेंडू काखेत धरून चालत गेला, शेवटच्या रेषेपलीकडे तो नीट ठेवला आणि परत आला. टाळ्या वाजल्या.

"झालं ना, सर?"

सरांच्या तोंडात शिट्टी तशीच होती. त्यांनी मान डोलावली.

फोटोत ते मधोमध बसले आहेत. ढाब्यावर अजिनाथांनी त्यांना आग्रहाने वाढलं.

घरी काकूंनी चुलीवर हंडाभर पाणी तापवून ठेवलं होतं. मातीने, घामाने भरलेली कवचं लगेच धुवायला हवीत, असं त्यांच्या मनात होतं.

"झाली का मॅच?"

"झाली."

"लई लागलं का कुणाला?"

"न्हाई. कुणालाच न्हाई लागलं."

सरांनी आणलेल्या पोत्यातून काकूंनी एकेक कवच काढलं. रेक्झिन कोरं होतं. एकाच्या कडेला थोडी फक्की लागली होती, ती त्यांनी पदराने पुसली. सगळी पुन्हा पोत्यात भरली, आणि तापलेलं पाणी सरांना अंघोळीला काढून दिलं.