युवराजाची सोमवारची आंघोळ

बाबांच्या कपाटात पतंगाच्या कागदावर पेन्सिल घासून घेतलेला एक ठसा सापडला आणि मी नागपूरचं तिकीट काढलं. बाबा चित्रकलेचे शिक्षक. नागपुरात नोकरीला असताना त्यांनी समाधीवरच्या पितळी पत्र्यावर कोरलेल्या एका चेहऱ्याचा हा ठसा घेतला होता. चेहरा एका लहानशा संस्थानाच्या युवराजाचा. शिकायला नागपुरात ठेवलेला मुलगा, नवव्या वर्षी तापानं गेला. ठशात त्याच्या पापण्यासुद्धा मोजता येत होत्या. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्यांनी ज्यावर हात फिरवला तो पत्रा मला बघायचा होता.

पुण्याहून रात्रीची गाडी धरली की सकाळी नागपूर. मेट्रोनं सीताबर्डीला उतरले आणि तर्री-पोहे खाल्ले. तर्री वेगळी मागा, नाहीतर माझ्यासारखं नाक पुसत बसाल. तिथेच ठशाची झेरॉक्स काढली, समाधी सांभाळणाऱ्यांना द्यायला. पुढे प्रताप नगरच्या मागे ऑटोनं दीडशे रुपये. ऑटोवाल्याला समाधी ठाऊक नव्हती, किराणा दुकानदाराला होती.

कमलाबाई सत्तरीच्या. तीन पिढ्या त्यांचंच घर समाधी सांभाळतंय. त्यांनी मला कडुनिंबाखाली नेलं. पत्रा उन्हात असा लखलखत होता की डोळे दिपले. मी वाकून बघितलं आणि हादरलेच. चेहराच नव्हता! नाक नाही, डोळे नाहीत, एका कानाची पुसट रेघ तेवढी राहिलेली.

“आजी, हे कशानं झालं?”

“काय झालं? चकाचक तं आहे. दर सोमवारी चिंच अन् राख लावून घासतो.”

“अहो, घासता कशाला?”

“मंग? लेकराले आंघोळ नाही घालायची का वं?”

पिशवीतून बाबांचा ठसा काढून त्यांच्यापुढे धरला. त्या कितीतरी वेळ कागदाकडे आणि पत्र्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मग खाली बसल्या.

“मी लग्न होऊन आली तवा नाक होतं त्याले. मीच पुसलं काय वं?”

झेरॉक्स माझ्याकडेच ठेवली आणि बाबांचा कागद त्यांच्या हातात दिला. त्या मुलाचा खरा चेहरा त्याच्या घरी असावा, असं त्या क्षणी मनापासून वाटलं. निघताना पत्र्याकडे बोट दाखवून बजावलं, “आता चिंच नको, राख नको. नुसतं पाणी.”

घरी येऊन आठवडा झाला आणि मंगळवारी त्यांच्या सुनेचा, सुनीताचा, फोन आला.

“ताई, सासूबाई कालपासून जेवून नाही राहिल्या. रडूनच राहिल्या.”

“का गं? काय झालं?”

“काल तुमच्या कागदाले आंघोळ घातली त्याहीनं. चिंच नाही लावली, राखबी नाही. तुम्ही सांगतलं तसं नुसतं पाणी.”

पतंगाचा कागद. त्याचा लगदा झाला होता. आधी भयंकर राग आला, मग आठवलं की चिंच नको म्हणणारी मीच, आंघोळ नको म्हणायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबांच्या हातचं तेवढंच होतं.

काल झेरॉक्स लॅमिनेट करून नागपूरला पाठवली. कमलाबाईंना फोनवर सांगितलं, आता दर सोमवारी बिनधास्त आंघोळ घाला, काही होणार नाही. झेरॉक्समध्ये पापण्या उमटलेल्या नाहीत, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.