सात बहिणींना विचारून

बायकोला पोहता येत नाही, हे तिला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी डमडममधल्या एका तलावावर कळलं. तोपर्यंत तिची समजूत होती की ती लहानपणापासून पोहते. तिचं माहेर कऱ्हाडच्या अलीकडचं. गावाखाली नदीला डोह होता. तिथे आत्याने तिच्या पाठीला वाळका भोपळा बांधून तिला पाण्यात ढकललं होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात भोपळा सोडून पुन्हा ढकललं होतं. अभ्यासक्रम एवढाच.

बदलीवर आम्ही कलकत्त्याला आलो तेव्हा सामान पुरतं उघडायचं नाही असं ठरवलं होतं. पुढे मुलगी इथेच शाळेत गेली, मी इथेच निवृत्त झालो आणि ती खोकी आता माळ्यावर आहेत. या शहरात पाण्याला तोटा नाही. पण प्रत्येक पाण्याला एक क्लब असतो आणि प्रत्येक क्लबाला एक कमिटी. आमच्या घरामागच्या तलावालाही आहे. मुलगी तिथेच पोहायला शिकली. तिची पदकं दिवाणखान्यात टांगलेली आहेत. पंखा लावला की किणकिणतात.

गेल्या वर्षी बायकोचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. वेणी मुलगी घालून द्यायची. डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करा, म्हणून ती क्लबच्या सकाळच्या वर्गात गेली. पहिल्याच दिवशी ती पाण्यात शिरली आणि आपली निघाली: मान वर, हनुवटी पाण्याला टेकलेली, दोन्ही हात पाण्याखाली, जणू कुणाला उठवायचं नाही अशी. कोचने शिट्टी वाजवून तिला थांबवलं.

"काकीमा, याला पोहणं म्हणत नाहीत. हे लांबवलेलं बुडणं आहे."

बाकीच्या बायका हसल्या. कोच स्वभावाने वाईट नाही. त्याच्या पुस्तकात हात डोक्यावरून येतो आणि तोंड पाण्यात जातं, ते पोहणं. बायकोचा हात डोक्यावरून येऊच शकत नव्हता. आठवडाभर तिने प्रयत्न केला, मग जाणं सोडलं. जेवताना आत्याच्या डोहाच्या गोष्टी निघायच्या, त्याही निघेनाशा झाल्या. एकदा मुलीने सहज विचारलं, "आई, तू सच्ची नदीत पोहायची, की अशीच काठावर भिजायची?" मुलीचं मराठी वाटेत दोन स्टेशनांवर थांबून येतं, पण तिच्या मनात खोट नव्हती. बायकोने आमटी वाढली आणि म्हणाली, "आता मलाच आठवत नाही गं."

हे मला आवडलं नाही. खांद्याचं ठीक आहे, खांदे सगळ्यांचेच जातात. पण माणसाचं बालपण शिट्टी वाजवून काढून घेणं म्हणजे जरा जास्तच झालं.

कालीपूजा झाल्यावर क्लबाची सहल निघाली, पुरुलियाकडच्या डोंगरात, एका धबधब्याला. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथे आणखी एक बॅनर लागेल. माझ्या मते धबधबा श्रावणात बघायचा असतो. आमचे सेक्रेटरी, जे माझे शेजारीही आहेत, ते म्हणाले, "दादा, पावसात तिथे लाल चिखल कोसळतो. आमच्याकडे निसर्ग थंडीत बघतात, पोटभर जेवून." थंडी अजून आली नव्हती, पण मंडळींच्या माकडटोप्या आल्या होत्या. बायकोने तिच्या पिशवीत होमिओपॅथीच्या दोन रिकाम्या बाटल्या ठेवल्या. एकीत हळद, दुसरीत कुंकू.

"हे कशाला?"

"असू दे," ती म्हणाली.

मुक्कामाच्या ठिकाणाहून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं मंडळींबरोबर चालत निघालो. दोन्ही बाजूंना उंच सालवृक्ष, पायाखाली लाल माती आणि त्यावर मोठाली वाळकी पानं, पापडासारखी मोडणारी. धबधबा ऐकू येण्याआधी ओढा दिसला आणि ओढ्याच्या वाटेवर कुंडं सुरू झाली. एक परातीएवढं, नुसतं चमकणारं. पुढचं खडकात कोरलेल्या रांजणासारखं, आत पानं गोल गोल फिरत होती. त्याच्या पुढच्यात बोटाएवढे मासे. प्रत्येक कुंडापाशी बायको थांबायची, वाकून बघायची, पुढे निघायची. भाजीवाल्याकडे जशी ती वांगी बघते तशी. आणि मग झाडं एकदम बाजूला झाली. वरून पाण्याची एक रुंद धार उतरत होती आणि तिच्या पायाशी डोह होता, हिरवा, स्वच्छ. काठचा तळ दिसत होता. मधला दिसत नव्हता.

"हा," बायको म्हणाली.

पण आधी उद्घाटन होतं. धबधबा आमच्या येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता, तरी कमिटीला ते पुरेसं वाटलं नसावं. दोन सालवृक्षांमध्ये बॅनर बांधलं गेलं. प्रमुख पाहुणे म्हणून आणलेल्या एका निवृत्त गृहस्थांच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. दीपप्रज्वलनासाठी पितळी समई बसमधून आणली होती, ती तुषारांत पेटेना. दोन छत्र्या धरल्या, तेव्हा एक वात पेटली आणि टाळ्या संपायच्या आत विझली. मग पाहुणे निसर्गाविषयी बोलले. धबधब्याने त्यांना एकदाही अडवलं नाही, फक्त त्यांचं बोलणं ऐकू येऊ दिलं नाही. मी मनापासून टाळ्या वाजवल्या.

शेवटी सेक्रेटरींनी भोंगा तोंडाला लावला. पाण्यात कुणीही उतरायचं नाही. पाणी फक्त बघण्यासाठी आहे. कमिटीचा ठराव आहे. कोच गळ्यात शिट्टी आणि खांद्यावर हवा भरलेली ट्यूब घेऊन काठावर उभा राहिला, ठरावाच्या रक्षणासाठी.

मी बायकोकडे बघितलं. तिने चपला काढल्या होत्या. लुगडं नेसावं तसा तिने साडीचा कासोटा घातला होता, कधी घातला ते मला कळलंही नाही. ती काठावरच्या एका उभ्या दगडाजवळ बसली, दोन्ही बाटल्या उघडल्या आणि दगडावर सात बोटं ओढली, प्रत्येक हळदीच्या बोटावर कुंकवाचा टिळा.

तिच्या गावाकडे डोहात सात बहिणी राहतात असं मानतात. त्यांना साती आसरा म्हणतात. परक्या पाण्यात शिरण्याआधी त्यांना विचारायचं असतं. पूजा वगैरे नाही. दुसऱ्याच्या घरात जाताना दारातून हाक मारतो तसं. माझा यावर विश्वास नाही. तिचा आहे की नाही, हे इतक्या वर्षांत मी विचारलेलं नाही. तिने हात जोडले आणि पुटपुटली, "आयांनो, येऊ का?"

कोचने शिट्टी तोंडात घातली. पण सेक्रेटरींनी त्याचा हात धरला. ते दगडाकडे बघत होते. त्यांनी बूट काढले, माकडटोपी काढली आणि माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "बौदी पूजो कोरछेन?" वहिनी पूजा करताहेत का?

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

"कुठली देवी?"

"पाण्यातली. सात बहिणी आहेत."

"सात!" त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे स्नान लागणारच."

मी नाही म्हणालो नाही. आयुष्यभर मी पूजेअर्चेच्या नावावर चालणाऱ्या गोष्टींना नाकं मुरडली. त्या सकाळी नाक स्वस्थ ठेवलं.

सेक्रेटरींपुढे ठराव होता आणि देवी होती. बंगालमध्ये या दोघांची गाठ पडली की काय होतं हे मला माहीत असायला हवं होतं. त्यांनी भोंगा उचलला. कमिटीने मनाई केली आहे ती मौजेला, देवकार्याला नाही, असा खुलासा त्यांनी केला. पुरुषांनी जरा मागे सरावं. फोटो काढू नयेत. लगेच मागून एका आजीबाईंनी जीभ हलवून उलुध्वनी सुरू केला, पूजेत इथल्या बायका काढतात तो, मग दुसऱ्या बायकांनी, आणि तो कड्यावर आपटून परत यायला लागला.

बायको गुडघाभर पाण्यात उभी. तिचे कान लाल झाले होते. "अहो, त्यांना सांगा ना थांबायला!"

"आता ते माझ्या हातात राहिलेलं नाही," मी म्हणालो. "तू जा."

तिने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो संसारात वर्षातून एखादाच मिळतो. मग ती वळली, कमरेपर्यंत गेली, आणि पुढच्या पावलाला खाली काही नव्हतं.

मी फक्त तिच्या खांद्याकडे बघत होतो. तो पाण्याखालीच राहिला. हनुवटी पाण्याला टेकली, मान ताठ, आणि ती निघाली, कुणाला उठवायचं नाही अशी. आत्याने शिकवलेल्या पोहण्यात हात कधी खांद्याच्या वर जातच नव्हता. डोहात डोकं बुडवलं तर पलीकडून कोण हाक मारतंय ते दिसायचं नाही, एवढाच त्यामागचा विचार असावा. मागे फक्त एक बारीक रेघ उमटत होती. उलुध्वनी आपोआप थांबला.

डोहाच्या मध्यावर ती थांबली.

"बाबा," मुलीने माझं मनगट पकडलं. "आई रुकली. तिथे तळ नाही. तिथे धरायला काहीच नाही."

क्लबात थांबायचं तर काठाचा पाइप धरतात. कोच ट्यूब उचलून पाण्याच्या अगदी जवळ गेला. पण बायको नुसती उभी होती, पाण्यात, दारात उभं राहून शेजारणीशी बोलावं तशी. डोकं मागे टाकून ती धारेकडे बघत होती. कितीतरी वेळ बघत होती. कोचने हळूच ट्यूब खाली ठेवली.

"पद्धत चुकीचीच आहे," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण बुडत नाहीत."

मुलगी एव्हाना पाण्यात शिरली होती. सेक्रेटरींनी माझ्याकडे प्रश्नार्थक बघितलं. "मुलगीही लागते," मी म्हणालो, आणि त्यांनी मान डोलावली; पूजेत काय काय लागतं याची त्यांना कल्पना आहे. मुलगी पदकं मिळवते तशी झपाझप हात मारत गेली आणि आईपाशी पोचली. पोचल्यावर मात्र तिने सवयीने हात पुढे केला आणि हाताला पाइप आला नाही. ती गडबडली, एक घोट पाणी तोंडात गेलं, हात-पाय भलतीकडेच उडायला लागले. बायकोने तिचं कोपर खालून धरलं, त्याच उजव्या हाताने.

"घाई नको. पाय हलव नुसते. जात्यावर दळल्यासारखे, गोल."

"मी कधी जातं बघितलं नाही, आई!"

"मग स्कूटीचं चाक समज!"

हे दोघी ओरडत होत्या म्हणून ऐकू आलं. त्यानंतरचं धबधब्याने घेतलं. दोन डोकी जवळजवळ तरंगत होती, बोलणं चालू होतं. मुलीने काहीतरी विचारलं, बायकोने डाव्या हाताने हवेत डोहाएवढा आकार काढून दाखवला, मग भोपळ्याएवढा. मुलगी हसली. बायको परत बोलायला लागली, थांबेना.

"अजून किती चालेल, दादा?" सेक्रेटरींनी विचारलं. मटण तयार होतं.

"सात जणी आहेत," मी म्हणालो. "प्रत्येकीशी बोलणं होणार."

ते समंजसपणे काठावरच्या खडकावर बसले. तेवढ्यात दोघी वळल्या, आमच्याकडे नाही, धारेकडे. पुढे बायको आणि तिच्या मागोमाग मुलगी, मान ताठ, हनुवटी पाण्याला टेकलेली, दोन्ही हात पाण्याखाली.